वाद, जल्प आणि वितंडा : मुंबई इलाख्यातील आरंभीच्या मराठी वाचकसमाजातील धर्मविवाद

(१)

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात मुंबई इलाख्यात जो नवा मराठी वाचकवर्ग उदयास आला, त्याचा इतिहास सामान्यतः ज्ञानप्रसाराचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू झाले, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ बाहेर पडला. ठिकठिकाणी नेटिव्ह लायब्रऱ्या स्थापन झाल्या आणि पाश्चात्त्य विद्येचा प्रकाश पसरू लागला, असा हा क्रम आहे. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. या वाचकवर्गाला एकत्र आणणाऱ्या गोष्टींत भूगोल, पदार्थविज्ञान व व्याकरण यांचा जेवढा वाटा होता, तेवढाच वाटा भांडणाचाही होता, आणि त्या भांडणाचा मुख्य विषय धर्म हा होता. माणसे पत्रे वाचीत ती नवे ज्ञान मिळवण्यासाठी, तशीच विरुद्ध पक्षाने या खेपेस काय लिहिले आहे हे पाहण्यासाठीही वाचीत.

या विवादांतील भाषा पुष्कळदा कठोर, कित्येकदा शिवराळ आणि काही वेळा केवळ चिडवण्याच्या हेतूची असे. त्यामुळे आपल्या अभ्यासकांचा कल दोहोंपैकी एका टोकाकडे जातो. काहींना हा सर्व भाग वाङ्मयीन बाल्यावस्थेतील आचरटपणा वाटतो व ते तो गाळून पुढे जातात. काहींना त्यात स्वधर्मरक्षणाचे किंवा सुधारणेचे शौर्य दिसते व ते त्याची पूजा करतात. दोन्ही दृष्टींत एक प्रश्न बाजूस राहतो : कठोर वाद आणि निव्वळ खोडसाळपणा यांतील सीमा कोणती, आणि ती त्या काळी कोणी, कशाच्या आधारे ठरवली?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे पक्ष-प्रतिपक्षांचा जो विचार होतो तो वाद. छल, जाति व निग्रहस्थान यांचा उपयोग करून केवळ जिंकण्यासाठी जी झुंज चालते तो जल्प. आणि ज्यात स्वतःचा पक्ष मुळीच मांडायचा नसतो, फक्त दुसऱ्याचा खोडायचा असतो, ती वितंडा. या विभागणीचे मर्म असे की तिन्ही प्रकारांत भेद पाडला आहे तो भाषेच्या मार्दवावरून नव्हे, तर बोलणारा कोणते उत्तरदायित्व पत्करतो यावरून. वितंडा करणारा सौम्य बोलला म्हणून वादी ठरत नाही आणि वादी तिखट बोलला म्हणून वैतंडिक होत नाही. प्रस्तुत लेखात हीच कसोटी १८३१ ते १८६२ या काळातील काही प्रसंगांना लावून पाहावयाची आहे.

(२)

आरंभ मोरभट दांडेकर व रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या विवादापासून करणे योग्य होय. विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांची मोरभटांशी जाहीर चर्चा झाली. ती लागोपाठ सहा सायंकाळ चालली. तोंडी वादाने कोणाचेही समाधान होणे शक्य नव्हते. मोरभटांनी आपली बाजू ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ या पुस्तिकेत छापून प्रसिद्ध केली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीत उत्तर दिले व त्या उत्तराच्या आधी मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतर जोडले. पुढे सातारच्या नारायणरावांनी ‘स्वदेशधर्माभिमानी’ लिहिले, तेव्हा विल्सन यांनी १८३४ मध्ये दुसरे खंडन प्रसिद्ध केले.

विल्सन यांच्या ग्रंथांची नावे आणि सूर पाहता ते प्रतिपक्षाच्या धर्माविषयी आदर बाळगून लिहीत होते असे कोणीही म्हणणार नाही. हिंदुधर्माचे ‘वस्त्रहरण’ करणे हा त्यांचा उघड हेतू होता, आणि मोरभटांनीही ख्रिस्ती मताची गय केली नाही. तरीही हा व्यवहार वितंडेत मोडत नाही. दोघांचेही पक्ष निश्चित होते, दोघांचीही नावे मुखपृष्ठावर होती, आणि मुख्य म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकांपुढे संपूर्ण ठेवले जात होते. भाषांतर जोडण्यात विल्सन यांचा हेतू आपला विजय अधिक ठळक दिसावा हाच असणार; पण हेतू काहीही असला तरी परिणाम असा झाला की एका भटजीचे मराठी खंडन इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे गेले. प्रतिपक्षाचा मूळ पाठ सोबत देण्याच्या या प्रघाताने वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवले.

याच सुमारास बंगालमध्ये काय घडले होते ते तुलनेसाठी लक्षात घेण्याजोगे आहे. १८२१ मध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या ‘समाचारदर्पण’ पत्रात हिंदु शास्त्रांवर आक्षेप घेणारे पत्र छापले गेले. राममोहन रॉय यांच्या पक्षाने पाठवलेले उत्तर जसेच्या तसे छापण्यास ते पत्र तयार झाले नाही. परिणामी त्यांनी शिवप्रसाद शर्मा या नावाखाली ‘ब्राह्मणसेवधि’ हे स्वतंत्र नियतकालिकच काढले. प्रत्युत्तराला जागा नाकारली म्हणून वाद संपला नाही. तो दुसऱ्या छापखान्यात गेला. मुंबईतही १८४४ मध्ये मोरभट दांडेकरांची ‘उपदेशचंद्रिका’ मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर म्हणून निघाली. ज्याला आपण मराठी नियतकालिकांचा विस्तार म्हणतो, त्यातला काही भाग प्रत्युत्तराच्या या गरजेतून झाला आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

(३)

आता टोपणनावाचा प्रश्न. मराठी पत्रांत वाचकांची पत्रे बहुधा ‘एक हिंदु’, ‘एक वाचक’ अशा धाटणीच्या सह्यांनी येत. नाव लपवणारा माणूस बेजबाबदार असतो, अशी आपली समजूत आहे. तिच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ‘शतपत्रे’. १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकरा’त ‘लोकहितवादी’ या सहीने एकशे आठ पत्रे आली. त्यांचे लेखक गोपाळ हरि देशमुख त्या वेळी पंचविशीतले सरकारी नोकर होते. ब्राह्मणांची अर्थहीन घोकंपट्टी, विधवांची दुःस्थिती, जातिभेद, व्यर्थ कर्मकांड यांवर या पत्रांनी जे प्रहार केले, ते इतके तीव्र होते की पुढे जवळजवळ तीस वर्षांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त त्यांचा सविस्तर समाचार घ्यावासा वाटला.

पण ‘लोकहितवादी’ हे नाव मुखवटा असले तरी ते बदलणारे मुखवटे नव्हते. एकच सही आठवड्यामागून आठवडे येत राहिली. आज लिहिलेल्या विधानाचा जाब उद्याच्या पत्रात विचारता येत होता. आणि त्या सहीमागे एक सुसंगत पक्ष उभा होता. टोपणनाव येथे उत्तरदायित्व टाळण्याचे साधन नसून नोकरी आणि ज्ञाती यांच्या दडपणापासून मत अलग ठेवण्याचे साधन होते. कोणी लिहिले हे कळले नाही म्हणून काय लिहिले ते वाचणे वाचकाला भाग पडले. शिवाय सहीमागचा मनुष्य अज्ञात असला तरी छापणारा अज्ञात नव्हता. १८३५ च्या अकराव्या कायद्याने पूर्वीचे निर्बंध उठवताना मुद्रक व प्रकाशक यांनी आपले नाव-ठिकाण जाहीर करावे असे बंधन घातले होते. भाऊ महाजनांनी ती पत्रे छापली याचा अर्थ त्यांची जोखीम त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली.

टोपणनावाचा दुसराही एक उपयोग होता, आणि तो अधिक धारदार होता. १८२३ मध्ये कलकत्त्यास डॉक्टर टायटलर नावाच्या इंग्रज गृहस्थांशी चाललेल्या वादात राममोहन रॉय ‘रामदास’ या नावाने उतरले. या रामदासाने श्रद्धाळू सनातन्याचा वेष घेतला होता. ईश्वर मनुष्यरूपाने अवतरतो हे तत्त्व हिंदु व ख्रिस्ती या दोघांनाही मान्य आहे, तेव्हा ते न मानणाऱ्या एकेश्वरवाद्यांविरुद्ध आपण उभयतांनी एक व्हावे, असे त्याने टायटलरांना साळसूदपणे सुचविले. टायटलरांचा संताप झाला, आणि त्या संतापातूनच राममोहनांचा मुद्दा सिद्ध झाला : ज्या तत्त्वाला मिशनरी हिंदूंमध्ये मूर्खपणा म्हणतात, त्याच्याशी आपले नाते दाखवले जाताच त्यांना तो अपमान वाटतो.

हा प्रकार न्यायशास्त्राच्या भाषेत छलाच्या अगदी जवळचा आहे. येथे सही खोटी, श्रद्धा खोटी आणि मैत्रीचा प्रस्तावही खोटा. मग ही वितंडा म्हणावी काय? तसे म्हणता येत नाही. वेष काढून टाकल्यावर खाली एक युक्तिवाद शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर देणे प्रतिपक्षाला शक्य होते. ज्या चिथावणीतून वेष, उपहास आणि शिवी वजा केली असता बाकी शून्य उरते, तीच खरी वितंडा. ही वजाबाकी करून पाहण्याची सवय त्या काळच्या सर्व लेखनाला लावली, तर बराच गोंगाट आपोआप गळून पडतो व बरेच उद्धट लेखन अनपेक्षितपणे टिकते.

(४)

या गोंगाटावर एक उपाय त्याच काळात योजला गेला. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली व तिची मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा सुरू झाली. निरनिराळ्या धर्मांचे तरुण एकत्र बसावयाचे असतील तर धर्म व राजकारण हे विषय वर्ज्य ठेवावेत, असे त्या सोसायटीचे धोरण होते. १८३९ मधील दोन पारशी तरुणांच्या धर्मांतराने आणि १८४३ मधील शेषाद्री प्रकरणाने शहर कसे ढवळून निघाले होते हे ठाऊक असलेल्यांना हे धोरण शहाणपणाचे वाटणे स्वाभाविक होते. त्याचे सुपरिणामही नाकारता येत नाहीत. मुलींच्या शाळा, मराठीतील शास्त्रीय व्याख्याने आणि ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक ही या शांततेची फळे होत.

परंतु ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग हेच होते, आणि त्यांच्याच प्रेरणेने १८४९ मध्ये ‘परमहंस सभा’ ही गुप्त मंडळी निघाली, या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. प्रकट सभेत ज्या विषयाला बंदी, तोच विषय गुप्त सभेत मुख्य. मूर्तिपूजा व जातिभेद न मानणारे हे लोक बंद दाराआड एकत्र जेवीत, प्रार्थना करीत आणि बाहेर आपापल्या ज्ञातीचे सदस्य म्हणून वागत. बाबा पद्मनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात या सभेच्या अंतरंगाचे वर्णन आले आहे. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे बाहेर पडली आणि सभा बुडाली. एखाद्या मताचे खंडन न करता केवळ ते मानणाऱ्यांची नावे उघडी पाडून ते मत संपवता येते, याचे हे आपल्याकडील आरंभीचे ठळक उदाहरण होय. येथे कोणी शिवी दिली नाही, कोणी लेख लिहिला नाही. तरी कोणत्याही शिवीपेक्षा हा आघात मोठा ठरला.

दादोबांचा ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ १८४३ च्या सुमारास लिहिला गेला व छापला गेला तो १८६८ मध्ये, तोही ‘एक जगद्वासी आर्य’ या नावाने. वर्ज्य विषयाच्या धोरणानेच हे सर्व घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ज्ञातिबहिष्काराचे भय त्याहून कितीतरी मोठे होते. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की मौनाचा नियम उभय पक्षांना सारखा लागू असला तरी तो उभयतांना सारखा जड नव्हता. रूढीला बोलण्याची गरज नसते. ती घरात, पंगतीत आणि देवळात आधीच बोलत असते. मौनाचा भार पडतो तो ज्याला रूढीविरुद्ध काही म्हणावयाचे आहे त्याच्यावर.

(५)

याचा अर्थ छापील वादाला किंमत नव्हती असा नाही. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. मग प्रश्न उभा राहिला की ख्रिस्त्यांकडे राहून आलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी घ्यावे हा पक्ष उचलून धरला. सनातनी मंडळींनी त्याला तीव्र विरोध केला, शहरात तट पडले आणि बाळशास्त्रींना ज्ञातीचा रोष पत्करावा लागला. ज्या मुलावरून शास्त्रार्थ चालला होता, त्याला स्वतःला काय वाटले हे विचारण्याची कोणाला आवश्यकता भासली नाही. वाद तत्त्वांचा असतो. पण तो ज्याच्या अंगावरून जातो तो माणूस असतो.

ऑक्टोबर १८५१ मधील दंगल याहूनही उग्र होती. एका पारशी संपादकाच्या ‘चित्रज्ञानदर्पण’ या गुजराती सचित्र पत्रात महंमद पैगंबरांविषयीचा मजकूर व चित्र प्रसिद्ध झाले आणि मुंबईत मुसलमानांनी पारशांवर हल्ले केले. दंगलीत ज्यांना मार बसला, त्यांपैकी बहुतेकांचा त्या पत्राशी काडीचाही संबंध नसावा. हा धर्मविवाद नव्हता. ज्यांच्या श्रद्धेला धक्का लागला त्यांना त्या पत्राच्या स्तंभांत उत्तर देण्याची वाट नव्हती, आणि ज्यांनी मारहाण केली त्यांना उत्तर द्यावयाचेच नव्हते. लिहिणारा एक वाचकसमूह आणि दुखावलेला दुसराच समूह, असे दोन समूह जेव्हा एकाच शहरात राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा छापील शब्द वादाच्या मर्यादेत राहत नाही.

(६)

या पार्श्वभूमीवर १८५७ मधील समुद्रकिनारीचे वादविवाद पाहिले पाहिजेत. विष्णुबुवा ब्रह्मचारी (विष्णु भिकाजी गोखले, १८२५–१८७१) १८५६ मध्ये मुंबईस आले आणि १५ जानेवारी १८५७ पासून दर गुरुवारी सायंकाळी समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या व मिशनऱ्यांच्या जाहीर चर्चा होऊ लागल्या. त्या २८ मेपर्यंत चालल्या. मीरतला बंडाची ठिणगी त्याच मे महिन्यात पडली, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट किती नवलाची आहे ते कळते. मोठा जमाव जमे, हशा-टाळ्या होत, आणि वक्ते जमावाकडे पाहून बोलत. बुवा मिशनऱ्यांचेच शस्त्र त्यांच्यावर उलटवीत : पुराणांतील विसंगतींवर बोट ठेवणाऱ्याला ते बायबलातील विसंगतींविषयी विचारीत. एवढ्यापुरते पाहिले तर हा शुद्ध जल्प होय.

परंतु या जल्पाच्या शेवटी कागद होता. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यांनी चर्चांचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. बुवांच्या पक्षाकडूनही पुढे मराठी वृत्तांत छापला गेला. दोन्ही वृत्तांतांत आपापला पक्ष विजयी ठरतो हे सांगणे नकोच. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दोन्ही उपलब्ध झाले. शिवाय बुवा खंडनावर थांबले नाहीत. १८५९ मध्ये त्यांनी ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ हा ग्रंथ लिहून स्वतःचा पक्ष विस्ताराने मांडला. वितंडा करणारा हे कधीच करीत नाही. स्वतःचा ग्रंथ लिहिणे म्हणजे प्रतिपक्षाला आपल्यावर प्रहार करण्यास जागा देणे होय.

(७)

राज्यकर्त्यांनी या क्षेत्रात कायद्याची सीमा आखली ती या काळाच्या अखेरीस. भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या पंधराव्या प्रकरणात धर्मविषयक अपराध होते. त्यातील २९८ वे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या जाणूनबुजून केलेल्या हेतूने उच्चारलेले शब्द, ध्वनी व हावभाव यांच्यापुरते होते. छापील मजकुरासाठी निराळी तरतूद पुढे आली : वर्गावर्गांत वैर पसरवण्याविषयीचे १५३अ कलम १८९८ मध्ये आणि बुद्धिपुरस्सर व द्वेषमूलक हेतूने धर्माचा अपमान करण्याविषयीचे २९५अ कलम १९२७ मध्ये. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी या तरतुदींचा गाभा तिच्या १९६ व २९९ या कलमांत कायम आहे. कायद्याने हेतू ही कसोटी धरली. परंतु हेतू अंतःकरणात असतो, आणि न्यायालयापुढे येतो तो मजकूर.

या अडचणीचे उत्तम निदर्शन म्हणजे १८६२ चा महाराज अब्रूनुकसानीचा खटला. करसनदास मूळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर उघड लेख लिहिला. यदुनाथजी महाराजांनी संपादक व मुद्रक यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. जानेवारीत सुरू झालेल्या या खटल्याचा निकाल २२ एप्रिल १८६२ रोजी मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने लागला. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी होते आणि तीस वर्षांपूर्वी मोरभटांशी वाद घालणारे जॉन विल्सनही होते. करसनदासांचा लेख अत्यंत अपमानकारक होता, यात शंका नाही. पण त्यावर त्यांचे नाव होते, त्यातील विधाने पुराव्याने तपासण्याजोगी होती, आणि ती तपासली जावीत म्हणून ते न्यायालयात उभे राहिले. धर्माचा अपमान आणि धर्माधिकाऱ्याच्या दुराचाराचे उद्घाटन यांतील भेद येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे लोकांपुढे आला.

(८)

येथवरच्या विवेचनातून जे निष्कर्ष निघतात ते थोडक्यात असे. पहिला असा की नाव देणे वा न देणे ही वादाच्या शुद्धतेची कसोटी नव्हे. ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव असून जबाबदार होते. उलट ‘निबंधमाले’त चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श घेतला, तेव्हा कर्ता सर्वांना ठाऊक असूनही त्यांचा भर फुल्यांच्या मुद्द्यांपेक्षा त्यांच्या व्याकरणाची थट्टा करण्यावर राहिला. फुल्यांनी उपस्थित केलेला प्रश्न शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा होता. त्याला अशुद्धलेखनाचे उत्तर देणे म्हणजे उत्तमोत्तम मराठीत केलेली वितंडा होय. भाषेचे सौष्ठव येथे उत्तरदायित्वाची जागा घेऊ शकले नाही.

दुसरा असा की कठोरपणा आणि वितंडा यांची फारकत प्रतिपक्षाला दिलेल्या जागेवरून होते. त्याचे म्हणणे पूर्ण छापले जाते काय, त्याला उत्तर देण्याची वाट आहे काय, आणि आपला स्वतःचा पक्ष आपण त्याच्या प्रहाराखाली ठेवला आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तत्कालीन विवादांची बहुतेक परीक्षा होते. तिसरा असा की मौनाचा नियम शांतता देतो, पण ती कोणाच्या खर्चाने मिळते याचा हिशेब ठेवावा लागतो. ज्ञानप्रसारक सभेच्या यशाशेजारी परमहंस सभेची चोरीस गेलेली दप्तरे ठेवल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

तत्कालीन नियतकालिकांच्या फाइली वाचताना संशोधक बहुधा संपादकीय लेखांकडे वळतो आणि वाचकांची पत्रे चाळून सोडून देतो. ती पत्रे सही, प्रत्युत्तर आणि उपहास यांच्या वर लावलेल्या वजाबाकीने एकामागून एक वाचली गेली पाहिजेत. मराठी वाचकसमाजाने मतभेदासह एकत्र राहण्याची जी सवय लावून घेतली किंवा लावून घेण्यात तो अपयशी ठरला, तिचा वृत्तांत अग्रलेखांपेक्षा त्या पत्रांत अधिक सापडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.